थेंब लिहून दिला, पण थांबायचं कधी ते कुठं लिहिलंय?

सुरुवातीलाच सांगतो, माझा उजवा डोळा आज चालतोय तो स्टेरॉईडच्या, म्हणजे सूज उतरवणाऱ्या जोरदार औषधाच्या, थेंबांमुळंच. त्यामुळं पुढं जे लिहितोय ते "स्टेरॉईड म्हणजे विष, हात लावू नका" म्हणणाऱ्यांच्या बाजूनं लिहीत नाहीये. त्या मंडळींचं ऐकून वेळेवर थेंब न घातल्यानं डोळा गमावलेली माणसं मी दवाखान्याच्या बाकड्यावर शेजारी बसून बघितलीत. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडं हे थेंब लिहिले जातात, विकले जातात, घातले जातात, पण ते थांबवायचे कधी आणि मधे डोळ्याचं प्रेशर, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब, कुणी कधी तपासायचं ही जबाबदारी कुणाचीच नसते, आणि ह्या एका गोष्टीपायी धडधाकट डोळ्यांची माणसं, त्यात लहान पोरंसुद्धा, काचबिंदूच्या रांगेत येऊन बसतायत.

माझी गोष्ट आधी, कारण तुलनेचं जे सांगणार आहे ते त्यातूनच आलंय. २०१३ च्या पावसाळ्यात एका रात्री उजवा डोळा ठणकायला लागला, सकाळी लाल झाला आणि खिडकीतला उजेडसुद्धा सहन होईना. जवळच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं डोळे आलेत, अँटिबायोटिकचा ड्रॉप दिला. चार दिवस तो घातला, डोळा जास्तच बिघडला, समोरचं धुरकट दिसायला लागलं. मग डोळ्याच्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी त्या मशीनवर हनुवटी टेकवून उजेडाची बारीक रेघ डोळ्यात मारली आणि म्हणाले, आत सुजेच्या पेशी तरंगतायत, हे डोळे येणं नाही, अँटेरियर युव्हिआयटिस आहे, म्हणजे डोळ्याच्या आत पुढच्या भागाला सूज, बाहुली मागच्या भिंगाला चिकटायला लागलीय. बाहुली मोठी करायचा एक ड्रॉप आणि प्रेडनिसोलोन ऍसिटेट हा स्टेरॉईडचा ड्रॉप, जागे असाल तोवर दर तासाला. तीन दिवसांत उजेड सहन व्हायला लागला. नंतर कंबरेच्या दुखण्याच्या तपासण्या झाल्या, एचएलए बी-२७ ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली, अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात, निघाला, आणि तेव्हापासून दर दीड-दोन वर्षांनी कुठला तरी एक डोळा पेटतोच. म्हणून माझ्या घरात ह्या थेंबांच्या बाटल्या आल्या, गेल्या, बदलल्या, आणि प्रत्येक वेळी "हाच का, तो का नाही" हे मी विचारत आलो.

तर लोकांचा पहिला गैरसमज म्हणजे सगळे स्टेरॉईड ड्रॉप सारखेच, फक्त कंपनी वेगळी. तसं अजिबात नाही. प्रेडनिसोलोन ऍसिटेट १ टक्का हा जुना आणि भरवशाचा, डोळ्याच्या आतल्या सुजेवर अजूनही बहुतेक डॉक्टर आधी ह्याच्यावरच हात ठेवतात. तो दुधाळ पांढरा असतो कारण औषधाचे कण पाण्यात विरघळलेले नसतात, नुसते तरंगत असतात, आणि बाटली ठेवून दिली की तळाला बसतात. म्हणजे न हलवता घातला तर सुरुवातीला तुम्ही जवळपास पाणीच घालताय आणि बाटली संपत आली की घट्ट औषध पडतंय. मला हे पहिल्या खेपेला कुणी सांगितलंच नव्हतं, दुसऱ्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं "हलवून घालताय ना?" तेव्हा कळलं. पारदर्शक दिसणारा प्रेडनिसोलोन फॉस्फेट हा त्याचाच भाऊ, पण बुबुळाचा वरचा थर तेलकट स्वभावाचा असल्यानं पाण्यात विरघळणारं फॉस्फेट त्यातून तितकं आत शिरत नाही आणि ऍसिटेट चांगलं शिरतं. नाव एकच, पण काम वेगळं. डेक्सामेथासोन मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावलं तर प्रेडनिसोलोनपेक्षा कितीतरी जोरदार, पण थेंबात ते ०.१ टक्काच असतं, आणि प्रेशर वाढवण्यात त्याचा नंबर वर लागतो. आणि आपल्याकडं अँटिबायोटिकमध्ये मिसळून सर्वात जास्त खपतात त्यात हेच असतं, त्याच्याकडं पुढं येतो.

डायफ्लुप्रेडनेट हा नव्यातला ताकदवान, अमेरिकेत २००८ मध्ये ऑपरेशननंतरच्या सुजेसाठी मंजूर झाला आणि पुढं युव्हिआयटिससाठीही. तो इमल्शन असतो, म्हणजे औषध तेलाच्या बारीक थेंबांत आधीच नीट मिसळलेलं, हलवायची गरज नाही. युव्हिआयटिसमध्ये हा दिवसातून चार वेळा घातला तर प्रेडनिसोलोन ऍसिटेट आठ वेळा घालण्याच्या तोडीस तोड ठरला. नोकरी करणाऱ्या माणसाला ह्याचं मोल काय ते विचारा, दर तासाला कंपनीच्या वॉशरूममध्ये जाऊन मान वर करून थेंब घालायचा म्हणजे काय असतं ते मी केलंय. पण ह्याच औषधानं माझं प्रेशर तिसऱ्या आठवड्यात ३४ वर नेलं. साधारण १० ते २१ च्या मधे असायला हवं ते ३४. आणि मला काहीही जाणवत नव्हतं, हे लक्षात ठेवा, काहीही नाही, डोळा शांत, पांढरा, नजर स्वच्छ, मी तर बरा झालो म्हणून खुश होतो. तपासणीची तारीख होती म्हणून गेलो आणि मशीननं सांगितलं. लगेच औषध बदललं, प्रेशरचे दोन वेगळे ड्रॉप सुरू झाले, पाच आठवड्यांनी खाली आलं. ती तारीख नसती तर मी आणखी दोन महिने तोच ड्रॉप आनंदानं घालत बसलो असतो.

मला मग लोटेप्रेडनॉलवर आणलं. हे औषध मुद्दाम अशा रचनेचं केलंय की आपलं काम केलं की शरीरातली एन्झाइम्स त्याचे पटकन तुकडे करून निकामी करतात, म्हणून प्रेशरवर परिणाम कमी. आकडे बघा, २८ दिवस किंवा जास्त वापरलेल्यांमध्ये प्रेशर १० नं किंवा त्याहून जास्त वाढलेले पेशंट लोटेप्रेडनॉलवर २ टक्के, प्रेडनिसोलोन ऍसिटेटवर ७ टक्के, आणि नुसत्या औषधाविना थेंबावर अर्धा टक्का. हे वाचून कुणीही म्हणेल की मग सगळ्यांना हेच द्या की, विषय संपला. पण त्याच औषधाच्या माहितीपत्रकात दुसरा आकडाही आहे, आतल्या सुजेत २८ व्या दिवसापर्यंत पेशी पूर्ण गेलेले पेशंट प्रेडनिसोलोनवर ८७ टक्के आणि लोटेप्रेडनॉलवर ७२ टक्के. म्हणजे सौम्यपणा फुकट मिळत नाही. फ्लुओरोमेथोलोनचंही तसंच, डोळ्याच्या वरवरच्या सुजेला, ऍलर्जीला चांगला, प्रेशर कमी वाढवतो, पण आत खोल सूज असेल तर त्याच्यावर विसंबून चालत नाही.

म्हणून "कुठला ड्रॉप सर्वात चांगला" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, आणि तरी रोज हाच विचारला जातो, व्हॉट्सऍपवर तर बाटलीचा फोटो पाठवून. सूज कुठं आहे, वर की आत, किती आहे, माणसाचं वय काय, घरात काचबिंदू आहे का, आधी ह्या औषधानं प्रेशर वाढलंय का, एवढं माहीत असल्याशिवाय चांगलं-वाईट ठरतच नाही. आणि ज्या माणसाकडं प्रेशर मोजायचं यंत्र नाही त्यानं ह्यातला सौम्य ड्रॉपसुद्धा महिनोन्महिने चालू ठेवायला सांगू नये असं मी स्पष्ट म्हणतो. सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. २ टक्के म्हणजे पन्नासात एक, आणि तो एक कोण ते आधी कळत नाही.

ही प्रेशर वाढण्याची गोष्ट काही नवी नाही. कॉर्टिसोन पहिल्यांदा संधिवाताच्या पेशंटला १९४८ मध्ये दिलं, १९५० मध्ये त्यावर नोबेल मिळालं, पुढच्या काही वर्षांत ते डोळ्यातही गेलं, आणि १९६० च्या दशकातच दाखवलं गेलं की काही आठवडे स्टेरॉईडचा थेंब घातला की साधारण तीनात एकाचं प्रेशर बऱ्यापैकी वाढतं आणि शंभरात पाच-सहा जणांचं फार वाढतं. डोळ्यातलं पाणी बाहेर जायची जी बारीक जाळी असते ती स्टेरॉईडनं हळूहळू तुंबते, असं साधं समजा. वेळेवर बंद केलं तर बहुतेकांचं प्रेशर काही आठवड्यांत खाली येतं. पण तोवर डोळ्यामागची नजरेची नस जेवढी मेली तेवढी मेली, ती परत येत नाही. साठ वर्षं माहिती असलेली गोष्ट आहे ही. मग अजून पोरं का आंधळी होतायत?

आमच्या ओळखीतल्या एका घरातल्या मुलाची गोष्ट सांगतो, त्याचं नाव गाव सांगणार नाही. सातव्या वर्षापासून दर उन्हाळ्यात डोळ्यांना भयंकर खाज, डोळे मातकट लाल, दोऱ्यासारखा चिकट स्राव, सारखं चोळणं. ह्याला व्हर्नल म्हणतात, ऍलर्जीचा प्रकार आहे, कोरड्या उष्ण हवेत जास्त, मुलग्यांमध्ये जास्त, आणि बहुतेकांचं वयात येता येता कमी होतं. म्हणजे खरं तर हा आजार सांभाळून न्यायचा आजार आहे, पाच-सात वर्षं नीट निघाली की पोरगं मोकळं. पहिल्या खेपेला एका डॉक्टरांनी स्टेरॉईडचा ड्रॉप दिला, आठ दिवसांसाठी, आणि ते बरोबरच होतं. दोन दिवसांत खाज गेली. आईला वाटलं रामबाण औषध मिळालं. पुढच्या वेळी खाज आली तेव्हा ती रिकामी बाटली घेऊन मेडिकलमध्ये गेली, त्यानं बघून तशीच दिली. मग दर महिन्याला. मग पोरगं स्वतःच घालायला शिकलं, दप्तरात बाटली. असं साडेतीन वर्षं. ह्या साडेतीन वर्षांत शाळेत नजर तपासणी झाली, भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, "नजर उत्तम" असा शेरा. काचबिंदू आधी कडेची नजर खातो, मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, तक्ता वाचता येणं म्हणजे डोळा ठीक असं नसतं, पण हे त्या आईला कोण सांगणार? कॅच घ्यायला उभा असताना बाजूनं आलेला बॉल दिसेना, दोनदा तोंडावर लागला, तेव्हा मामानं नेलं तपासायला. प्रेशर दोन्ही डोळ्यांत चाळीसच्या वर, नस खोल गेलेली. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. भिंगाच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूची सुरुवात, तीसुद्धा स्टेरॉईडनं होते. वय अकरा.

त्या आईला दोष देणारे लोक मी ऐकलेत आणि मला त्याची फार चीड येते. तिनं काय चुकीचं केलं? पोरगं रात्रभर डोळे चोळून रडतंय, औषधानं थांबतंय, डॉक्टरनंच लिहिलेलं औषध आहे, दुकानदारानं न बोलता दिलंय, बाटलीवर जे काही लिहिलंय ते मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजीत. तिला "स्टेरॉईड" हा शब्दसुद्धा त्या दिवसापर्यंत कुणी उच्चारलेला नव्हता. आणि व्हर्नलला दुसरे मार्ग आहेत, ओलोपॅटाडिन किंवा किटोटिफेनसारखे ऍलर्जीचे ड्रॉप, थंड पाण्याच्या घड्या, अश्रूंसारखे वंगणाचे थेंब, आणि आजार जास्त असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब किंवा टॅक्रोलिमसचं मलम, ज्यांनी प्रेशर वाढत नाही. पण ही औषधं हळू काम करतात, काही महागही पडतात, आणि स्टेरॉईड दोन दिवसांत जादू करतं. घरातला माणूस त्या दोन दिवसांवरच औषधाची परीक्षा करतो, आणि मीही तेच केलं असतं.

आता कायद्याकडं येतो, कारण लोकांना वाटतं कायदाच नाही. कायदा आहे. हे ड्रॉप शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्वचेच्या स्टेरॉईड मलमांना बरीच वर्षं ह्या यादीतून सूट होती, गोरं व्हायच्या नादात लोकांनी चेहरे खराब करून घेतले, त्वचेच्या डॉक्टरांनी आवाज उठवला आणि २०१८ मध्ये १४ स्टेरॉईडची सूट काढली. पण डोळ्याच्या थेंबांना ती सूट तेव्हाही नव्हती, अँटिबायोटिक किंवा स्टेरॉईड असलेले डोळ्याचे ड्रॉप यादीत धरायचे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. त्याहून महत्त्वाचं, १९४५ च्या औषध नियमांतल्या ६५ व्या नियमात असं आहे की एका चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं, पुन्हा द्यायचं असेल तर डॉक्टरनं तसं चिठ्ठीवर लिहिलेलं असायला हवं. म्हणजे त्या आईला दुसऱ्या महिन्यात मिळालेली बाटलीच नियमाबाहेरची होती, आणि नंतरच्या चाळीसएक बाटल्या पण. इतका सरळ नियम, आणि मी गेल्या दहा वर्षांत एकदाही कुठल्या मेडिकलवाल्याला "ही चिठ्ठी एकदा वापरून झालीय" म्हणताना ऐकलेलं नाही. माझ्याच जुन्या चिठ्ठीवर मला किती वेळा औषध मिळालंय ते मी मोजलेलं नाही.

आणि गोंधळ वाढवणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे मिश्रणं. अँटिबायोटिक अधिक स्टेरॉईड. मोक्सीफ्लॉक्सासिन-डेक्सामेथासोन, टोब्रामायसिन-डेक्सामेथासोन, निओमायसिन-बीटामेथासोन, गॅटिफ्लॉक्सासिन-प्रेडनिसोलोन, यादी लांब आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ह्यांना जागा आहे, तिथं जंतू रोखायचे असतात आणि सूजही उतरवायची असते, आणि पेशंट तपासणीला येत असतो. पण हाच ड्रॉप नंतर घरात उरतो. आजीच्या ऑपरेशनचा उरलेला ड्रॉप नातवाच्या लाल डोळ्यात, हे मी माझ्या डोळ्यांनी तीन घरांत बघितलंय. बाटलीवरचं कंपनीचं नाव नुसत्या अँटिबायोटिकच्या ड्रॉपसारखंच, मागं एखादं अक्षर किंवा "डी" जोडलेलं, त्या एका अक्षराचा अर्थ कळला नाही की स्टेरॉईड चाललंय हेच कळत नाही. जनरल प्रॅक्टिस करणारे काही डॉक्टरसुद्धा प्रत्येक लाल डोळ्याला हेच लिहितात, जंतू असले तर एक भाग काम करेल, ऍलर्जी असली तर दुसरा, पेशंट खुश. डोळ्यात उजेड मारून नीट बघितल्याशिवाय हे लिहिणं मला मान्य नाही, ते कुणीही लिहो.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये डोळे यायची साथ आठवत असेल, आळंदी, पुणे, बुलढाणा, सगळीकडं काळे गॉगल. ती व्हायरसची साथ होती, आठवडा-दोन आठवड्यांत बहुतेकांची आपोआप बरी होणारी. तिच्यात किती घरांत ही मिश्रणं गेली असतील! स्टेरॉईडनं लाली पटकन उतरते, माणूस कामावर जातो, पण व्हायरस डोळ्यात जास्त दिवस रेंगाळू शकतो आणि तो माणूस इतरांना देत फिरतो. आणि तो लाल डोळा नागिणीच्या जातभाईचा, हर्पिसचा असला तर? त्यात बुबुळावर झाडाच्या फांदीसारखी बारीक जखम असते, ती रंग टाकून निळ्या उजेडात बघितल्याशिवाय नीट दिसत नाही, आणि नुसतं स्टेरॉईड पडलं की ती फांदी पसरून नकाशाएवढी होते.

शेतकऱ्याचं तर वेगळंच. उसाच्या पाचटाचं पातं डोळ्याला कापतं, मळणीत कुसळ जातं, भाताचं तूस जातं, आणि त्याबरोबर बुरशी. आपल्याकडच्या शेतातल्या जखमांत बुरशीचं प्रमाण मोठं आहे, आणि बुरशीच्या जखमेवर स्टेरॉईड म्हणजे ओल्या भिंतीला आणखी पाणी. पहिले दोन दिवस दुखणं कमी होतं, म्हणून माणूस आणखी चार दिवस घालतो, आणि मग बुबुळाला भोक पडायच्या बेताला शहरात येतो. जंतूंच्या, म्हणजे बॅक्टेरियाच्या जखमांवर स्टेरॉईड द्यावं का हा प्रश्न आपल्याच देशात नीट तपासला गेलाय, बहुतेक पेशंट तमिळनाडूतल्या अरविंद आय हॉस्पिटलचे होते, एकूण ५००, निकाल २०१२ मध्ये आला. आधी लॅबमध्ये जंतू कुठला ते सिद्ध केलं, मग ४८ तास नुसतं अँटिबायोटिक, आणि मगच स्टेरॉईड. इतकी काळजी घेऊनसुद्धा तीन महिन्यांनी नजरेत एकंदर फायदा दिसला नाही, सुरुवातीला नजर फारच गेलेल्या गटात थोडा दिसला. आणि इथं आपण जंतू कुठला हे न बघताच पहिल्या तासाला मिश्रण टाकतो.

ह्यावर मला नेहमी एक उत्तर मिळतं आणि त्यात दम आहे. तालुक्याच्या गावात डोळ्याचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, वाडीवरून तिथं जायला एक दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडं वेगळं, फी वेगळी, मग माणूस मेडिकलमध्ये जाणार नाही तर कुठं जाईल? तो दुकानदारच त्याचा डॉक्टर आहे. शिवाय माझ्यासारखा युव्हिआयटिसचा पेशंट, रविवारी रात्री डोळा पेटला तर त्याला पहिला थेंब सोमवार दुपारपर्यंत मिळणार नसेल तर तेवढ्यात बाहुली चिकटते. सरसकट बंदी घातली की पहिला बळी आमचाच जाणार, हे मला कळतं, म्हणून मी बंदी मागत नाही. माझ्या डॉक्टरांनी माझ्या फाइलवर लिहून दिलंय, ऍटॅक आल्यास अमुक ड्रॉप, दिवसातून इतक्या वेळा, ४८ तासांच्या आत दाखवायला या. अशी लिहिलेली परवानगी असलेल्या माणसाला औषध मिळालंच पाहिजे. पण "गरीब कुठं जाणार" हे कारण पुढं करून त्याला सर्वात धोक्याचं औषध विनातपासणी देणं ही गरिबाची सोय नव्हे. गरिबाला लाल डोळ्यासाठी दुकानात काहीच मिळू नये असं नाही, वंगणाचा थेंब द्या, स्वच्छ पाण्याच्या घड्या सांगा, आणि दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, धुरकट दिसत असेल, डोळ्याला काही लागलेलं असेल, लेन्स घालत असेल, तर आजच डॉक्टर गाठ असं सांगा. एवढं सांगायला दुकानदाराला नवीन डिग्री लागत नाही.

मग मागतोय काय? अँटिबायोटिक्ससाठी शेड्यूल एच-१ आणलं, २०१४ च्या मार्चपासून लागू झालं, त्यात दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध किती दिलं हे लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. डोळ्याचे स्टेरॉईड ड्रॉप आणि त्यांची मिश्रणं ह्या यादीत घाला. त्यानं सगळं सुधारेल असं नाही, एच-१ ची औषधंही बिनचिठ्ठीची मिळतात हे मला माहीत आहे, पण एकाच पोराच्या नावावर दर महिन्याला तीच बाटली असं रजिस्टरमध्ये दिसलं तर निदान विचारायला जागा राहते. दुसरं, बाटलीवर आणि खोक्यावर मराठीत, मोठ्या अक्षरात, "यात स्टेरॉईड आहे" एवढे तीन शब्द. खतांच्या गोण्यांवर मराठी चालतं, डोळ्यात घालायच्या औषधावर का नको? आणि लहान बाटल्या. आठवडाभराच्या औषधासाठी महिनाभर पुरेल एवढी बाटली विकली की उरलेलं फ्रिजच्या दारात जाणारच, आणि पुढच्या लाल डोळ्याची वाट बघत बसणार.

पण ह्या सगळ्याच्या आधी, आणि ह्याला सरकारच्या कुठल्या आदेशाची वाट बघायची गरज नाही, डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन तारखा लिहाव्यात. थेंब बंद करायची तारीख आणि प्रेशर तपासायची तारीख. आत्ता चिठ्ठीवर असतं "दिवसातून चार वेळा", पुढं काहीच नाही, कधी "पाच दिवस" असं घाईत खरडलेलं. कमी कमी करत थांबवायचं असेल तर तसं, पहिला आठवडा चार वेळा, दुसरा तीन वेळा, असं तारखांसकट, कारण अचानक बंद केलं तरी सूज उसळते, ते मी भोगलंय, दुसऱ्या ऍटॅकला बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद केला आणि दहा दिवसांत पुन्हा तासातासाला घालत बसलो. ज्यांच्याकडं प्रेशर मोजायची सोय नाही अशा डॉक्टरांनी एक-दोन आठवड्यांच्या पुढं लिहूच नये, पुढं पाठवावं. माझे आत्ताचे डॉक्टर हे करतात, एका पेशंटला त्यांना एक मिनिट जास्त लागत असेल. ओपीडीत शंभर पेशंट असतात हे खरं आहे, तर मग छापील तक्ता ठेवा, सिस्टरनं तारखा भराव्यात, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर असे छापील कागद देतातच की, तिथं जमतं ते इथं का जमत नाही?

त्या मुलाच्या आईशी मागच्या महिन्यात बोललो. आता तो टॅक्रोलिमसचं मलम आणि प्रेशरचे दोन ड्रॉप वापरतो, दर दोन महिन्यांनी शहरात तपासणी, प्रेशर १६-१७ राहतंय. कडेची गेलेली नजर गेलीच, क्रिकेट सोडलंय, कॅरम खेळतो. तिनं घरातल्या सगळ्या बाटल्या गोळा करून डॉक्टरांना दाखवायला नेल्या होत्या, पिशवीभर, आणि डॉक्टरांनी एकेक वाचून त्यातल्या स्टेरॉईडच्या बाजूला काढल्या तर पिशवी जवळजवळ रिकामी झाली. बाजूला काढलेल्या एकाही बाटलीच्या खोक्यावर तिला वाचता येईल असा एकही शब्द नव्हता.